प्रकाशरेषांचे उपासक : प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला

मनुष्यास एखाद्या वस्तूची पारख करावयाची असेल तर तो तीस हात लावून पाहतो, जिभेवर ठेवून पाहतो, विस्तवात घालून पाहतो. सोनार सोने कसोटीवर घासतो, वैद्य औषधी चाखून पाहतो, शेतकरी माती मुठीत घेऊन तिचा कस सांगतो. परंतु आकाशातील ताऱ्यास कोणती कसोटी लावावी? तो हाती येत नाही, विस्तवात घालता येत नाही. त्याच्यापासून आपणांस पोहोचतो तो केवळ प्रकाशाचा एक बारीक किरण. ही अडचण ध्यानी घेऊनच ऑगस्ट कोंत या नामांकित फ्रेंच तत्त्ववेत्त्याने सन १८३५ मध्ये असा निर्वाळा देऊन टाकला होता की, ताऱ्यांचे आकार, अंतरे व गती मनुष्य मोजू शकेल, परंतु ते कोणत्या द्रव्यांचे घडले आहेत हे त्यास कधीही कळणार नाही. कोंत सन १८५७ मध्ये वारला. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याचा निर्वाळा खोटा ठरला. आणि ज्या साली तो वारला त्याच साली आपल्या देशात अशा एका पुरुषाचा जन्म झाला की, ज्याने आकाशस्थ गोलांची घडण त्यांच्या किरणांवरून ओळखण्याच्या विद्येस आपले आयुष्य वाहिले. प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला हे त्यांचे नाव.

आपल्या विद्यार्थ्यांस न्यूटन ठाऊक आहे, आर्यभट्ट व भास्कराचार्य ठाऊक आहेत, सर चंद्रशेखर रामन यांचे नाव तर मुलांच्या तोंडी असते. परंतु पुण्यासारख्या आपल्याच मुलुखातील नगरीत चोवीस वर्षे वेधशाळा चालविणाऱ्या आणि हिंदुस्थानात ताऱ्यांच्या भौतिक स्वरूपाचे शास्त्र प्रथम रुजविणाऱ्या या पारशी पंडिताची ओळख फार थोड्यांस आहे. ती करून द्यावी आणि त्याबरोबरच ही विद्या कशी चालते हेही यथामति सांगावे, या हेतूने आम्ही हा चरित्रलेख वाचकांपुढे ठेवीत आहो.

कावसजींचे उच्च शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन ते सन १८७८ मध्ये एम. ए. झाले व त्यांनी चॅन्सेलरचे सुवर्णपदक मिळविले. त्या काळी आपल्याकडील बहुतेक बुद्धिमान तरुणांची दृष्टी वकिलीकडे अथवा सरकारी नोकरीकडे लागलेली असे. शास्त्र शिकून त्यात स्वतः नवी भर घालावी ही कल्पना क्वचितच कोणाच्या मनात येई. कारण अशा कामास लागणारी यंत्रे नव्हती, पैसा नव्हता आणि मार्ग दाखविणारे गुरूही जवळ नव्हते. सन १८८२ मध्ये कावसजी त्याच कॉलेजात प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले, आणि केवळ शिकवून स्वस्थ बसण्याऐवजी त्यांनी वर्णपटांच्या अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा उभारण्याचा संकल्प केला.

वर्णपट म्हणजे काय हे येथे थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर या चरित्राचे मर्म कळावयाचे नाही. काचेच्या लोलकातून सूर्यकिरण जाऊ दिला असता तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा व जांभळा असे रंग क्रमाने पसरतात, हे आपण शाळेत पाहतोच. न्यूटनने सतराव्या शतकात हा प्रयोग केला होता. पुढे सन १८१४ मध्ये योसेफ फ्राउनहोफर या जर्मन कारागिराने हा रंगीत पट्टा फार बारकाईने पाहिला, तेव्हा त्यात शेकडो काळ्या रेषा उभ्या असलेल्या त्यास दिसल्या. त्या कशाच्या हे त्यास कळले नाही. सन १८५९ मध्ये किर्खहॉफ व बुन्सेन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी तो उखाणा सोडविला. चुलीच्या जाळात मिठाची चिमूट टाकली असता जाळ पिवळा होतो, हे आपल्या आयाबहिणी नित्य पाहतात. त्या पिवळ्या उजेडाचा वर्णपट पाहिला तर त्यात एकमेकींस लागून असलेल्या दोन पिवळ्या रेषा दिसतात. त्या मिठातील सोडियमच्या होत. सूर्याच्या वर्णपटात नेमक्या त्याच जागी दोन काळ्या रेषा आहेत. म्हणजे सूर्याभोवतीच्या वायूत सोडियम आहे व त्याने आपल्या वाट्याचा प्रकाश वाटेतच शोषून घेतला आहे. याप्रमाणे प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांची ठेवण निराळी असते व एकाची ठेवण दुसऱ्यास येत नाही. पोलीस ठाण्यात अंगठ्याच्या ठशावरून मनुष्य ओळखतात, तसे या रेषांवरून कोट्यवधी मैलांवरचे द्रव्य ओळखता येऊ लागले. कोंतने जे अशक्य म्हटले होते ते काचेच्या एका तुकड्याने शक्य केले.

या नव्या विद्येची एक मोठी परीक्षा हिंदुस्थानच्याच भूमीवर झाली. ता. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. तेव्हा कावसजी अवघे दहा-अकरा वर्षांचे होते. आंध्रातील गुंटूर येथे फ्रेंच ज्योतिर्विद जान्सन, तर मराठी मुलुखाच्या सीमेवरील जमखिंडी संस्थानात लेफ्टनंट हर्शेल, असे अनेक विद्वान वर्णपटदर्शक यंत्रे घेऊन आले होते. सूर्याच्या कडेवरून उठणाऱ्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्या ज्वालांच्या वर्णपटातील एक पिवळी रेषा सोडियमच्या जागेपासून किंचित ढळलेली आहे, असे पुढे ध्यानात आले. इंग्लंडातील नॉर्मन लॉकियर यांनी ती एका नव्या द्रव्याची मानली. त्यास सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून हेलियम हे नाव पडले. पृथ्वीवर हे द्रव्य सन १८९५ मध्ये रॅमसे यांस सापडले. हेलियमचा शोध लॉकियर साहेबांनी १८६८ साली विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून लावला, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती खरी नाही. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडातच होते व तेथूनच त्यांनी सूर्याचे वेध घेतले. ते विजयदुर्गास आले ते तीस वर्षांनी, सन १८९८ च्या ग्रहणास. त्या ग्रहणाशी आमच्या चरित्रनायकाचाही निकट संबंध असल्याने ती हकीकत पुढे येईलच.

कावसजींच्या संकल्पास प्रथम हात दिला तो भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी. सन १८८२ मध्ये त्यांनी पाच हजार रुपये देणगी दिली व मुंबई सरकारने तितकीच रक्कम त्यात घातली. ही पुंजी घेऊन कावसजी सन १८८४ मध्ये यंत्रे खरेदी करण्यास विलायतेस गेले. तेथील जाणत्या ज्योतिर्विदांशी विचारविनिमय झाल्यावर त्यांचा बेत अधिक मोठा झाला. बंद खोलीतील प्रयोगशाळेपेक्षा आकाशाकडे उघडणारी, वर्णपटदर्शकाने सज्ज अशी वेधशाळाच का उभारू नये, असे ठरले. परंतु मुंबईची हवा दमट, आणि आकाश समुद्राच्या वाफेने व नगराच्या धुराने कोंदलेले. म्हणून पुण्याची निवड झाली. सन १८८५ मध्ये कावसजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. हेच कॉलेज पुढे इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले. तेथे सन १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली.

तिच्यातील मुख्य दुर्बीण ग्रब यांच्या प्रख्यात कारखान्यातील असून तिचा आरसा वीस इंच व्यासाचा होता. त्या काळी हिंदुस्थानात तिच्याएवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती. अंधारात मनुष्याच्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर रुंद होते. त्या मानाने हा आरसा पाच हजार पटींहून अधिक प्रकाश गोळा करी. वर्णपटाच्या कामी या गोष्टीचे महत्त्व फार आहे. कारण ताऱ्याचा उजेड आधीच अपुरा. तो लोलकातून पसरला की आणखी विरळ होतो. पाण्याने भरलेली एक वाटी अंगणभर शिंपडावी तशी ती गत असते. म्हणून पसरण्यापूर्वी जितका प्रकाश गोळा होईल तितका हवाच. गोळा केलेला प्रकाश एका बारीक फटीतून आत सोडावयाचा, लोलकाने पसरवावयाचा, आणि मग प्रत्येक रेषेची जागा ओळखीच्या द्रव्याच्या रेषेशी ताडून पाहावयाची. शिवाय पृथ्वी फिरत असल्यामुळे तारा फटीवरून सारखा सरकू पाहतो. त्यास तेथेच धरून ठेवण्याकरिता दुर्बीण घड्याळाच्या यंत्राने आकाशाच्या गतीने फिरवीत राहावे लागते. रात्रीमागून रात्री हे काम जवळजवळ एकट्याने करणे, आणि दिवसा वर्गात शिकविणे, असा कावसजींचा अनेक वर्षे क्रम होता.

वेधशाळा उघडून तीन वर्षे होतात न होतात तोच त्यांच्या हातून ते काम झाले की, ज्यायोगे त्यांचे नाव युरोपातील विद्वानांपर्यंत पोहोचले. हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्रातील तीन ताऱ्यांचा सरळ बाण आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या बाणाच्या दक्षिणेस बारीक धुरकट डाग दिसतो, तो मृगाचा मोठा तेजोमेघ होय. त्याचा प्रकाश आपणांपर्यंत येण्यास सुमारे साडेतेराशे वर्षे लागतात. अशा तेजोमेघांच्या वर्णपटात एक ठसठशीत हिरवी रेषा दिसते. सन १८६४ मध्ये इंग्लंडातील विल्यम हगिन्स यांनी अशाच एका तेजोमेघात ती प्रथम पाहिली, आणि काही तेजोमेघ हे ताऱ्यांचे पुंजके नसून विरळ वायूचे ढग आहेत असे दाखविले. परंतु ही हिरवी रेषा पृथ्वीवरील कोणत्याच ज्ञात द्रव्याच्या रेषेशी जुळेना. काहींनी नेब्युलियम नावाचे नवे द्रव्यच कल्पिले.

लॉकियर साहेबांचे मत निराळे होते. त्यांच्या सिद्धांताप्रमाणे तेजोमेघ म्हणजे अवकाशात एकमेकांवर आदळणाऱ्या अशनींचे, म्हणजे आकाशातून पडणाऱ्या दगडांचे, प्रचंड थवे होते. आणि ती हिरवी रेषा म्हणजे त्या दगडांतील मॅग्नेशियम तापल्याने दिसणाऱ्या एका पट्ट्याची उरलेली कड होती. मॅग्नेशियम जळताना जो पट्टा दिसतो त्याची एक बाजू ठसठशीत असून दुसरी बाजू हळूहळू विरत जाते. ओल्या कागदावर शाईची रेघ ओढून ती एकाच अंगास पसरावी तसा तो दिसतो. जर लॉकियर म्हणतात ते खरे असेल, तर तेजोमेघातील हिरवी रेषाही बारकाईने पाहिल्यास एका बाजूस फुटलेली दिसली पाहिजे. वाद असा एका केसाएवढ्या रेषेच्या कडेवर येऊन ठेपला होता. पण त्या कडेवर सर्व तेजोमेघ दगडांचे की वायूचे, आणि तारे कशापासून जन्मतात, हा प्रश्न टांगलेला होता.

येथे पुण्याच्या स्थानाचा मोठा उपयोग झाला. लंडनात मृगाचा तेजोमेघ मध्यान्हवृत्तावर येतो तेव्हा तो क्षितिजापासून सुमारे तेहेतीस अंशच वर असतो, आणि त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून तिरपा यावा लागतो. पुण्यास तोच तेजोमेघ सुमारे सहासष्ट अंश वर येतो. आमच्या छत्रपती संभाजीनगरास सुमारे पासष्ट अंश. शिवाय दख्खनच्या पठारावरील हिवाळ्याची कोरडी, निरभ्र रात्र! कावसजींनी आपल्या मोठ्या दुर्बिणीने निरनिराळ्या परिस्थितींत त्या रेषेचे वेध घेतले. प्रत्येक वेळी ती दोन्ही बाजूंनी सारखीच रेखीव दिसली. विरणारी बाजू कोठेही आढळली नाही. सन १८९१ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. हगिन्स यांचे मत तसेच होते, आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेत कीलर यांनी केलेल्या सूक्ष्म मापनांवरूनही रेषेची जागा मॅग्नेशियमच्या कडेशी जुळत नाही असे ठरले. लॉकियर साहेबांचा पक्ष पडला.

या प्रसंगाचा थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते. लॉकियर म्हणजे सामान्य असामी नव्हे. हेलियमचे आद्य जाणकार, नेचर या जगद्विख्यात शास्त्रीय साप्ताहिकाचे संस्थापक व संपादक. त्यांच्या विरुद्ध बोलणारा कोण, तर परराज्याच्या अंमलाखालील देशातल्या एका कॉलेजचा चौतीस वर्षांचा अध्यापक. परंतु कावसजींनी ना आव्हानाची भाषा केली, ना भीड धरली. जे दिसले ते लिहिले. शास्त्राच्या दरबारात मानपानाचा क्रम नसतो. तेथे नीट पाहिलेल्या एका रेषेचे वजन मोठ्या नावाहून अधिक भरते. ही गोष्ट आपल्या देशातील पुढील पिढ्यांस त्यांनी वर्तनाने शिकविली.

आता १८९८ च्या ग्रहणाकडे वळू. ता. २२ जानेवारी रोजी दुपारी चंद्राची छाया कोकणच्या किनाऱ्यावर उतरून ईशान्येकडे मध्य हिंदुस्थानात गेली. त्या वाटेवर जागोजाग देशोदेशीच्या ज्योतिर्विदांचे तळ पडले होते. विजयदुर्गावर लॉकियर, वऱ्हाडातील तळणी येथे माउंडर व एव्हरशेड, वर्ध्याजवळ पुलगाव येथे न्यूअल व कॅप्टन हिल्स. आणि सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल, जपानी मंडळी व आमचे नायगमवाला. जेऊरपासून पुलगावपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती मराठवाड्याच्या भूमीवरूनच जाते. म्हणजे जी छाया पकडण्यासाठी लोक सातासमुद्रांपलीकडून आले होते ती आपल्याच शेतशिवारांवरून धावत गेली. औरंगाबाद शहर, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, त्या वाटेच्या उत्तरेस पडल्याने येथे सूर्य पूर्ण झाकला गेला नाही; तरी त्याची कोरच काय ती उरली असावी.

खग्रास ग्रहणाचे एवढे अगत्य का, असे कोणी विचारील. सूर्याभोवती मोत्यासारख्या फिकट उजेडाचे एक प्रभामंडल आहे. सूर्याच्या झगझगाटापुढे ते एरवी दिसत नाही. ग्रहणात बिंब झाकले गेले म्हणजेच दृष्टीस पडते. तसेच बिंबाची शेवटची कड चंद्राआड जाते त्या एक-दोन क्षणांत वर्णपटातील काळ्या रेषा एकाएकी तेजस्वी होऊन चमकतात. सूर्याच्या वातावरणाचा खालचा पातळ थर तेवढ्यापुरता स्वतःच्या प्रकाशाने दिसतो. जेऊर येथे ही संधी जवळजवळ दोन मिनिटे होती. महिनोनमहिने तयारी करावयाची, यंत्रे रेल्वेने आणून माळावर बसवावयाची, कोणी कोणते झाकण केव्हा काढावे याची तालीम पुनःपुन्हा करावयाची, आणि हे सर्व दोन मिनिटांसाठी! ढगाचा एक तुकडा आडवा आला तर सर्व फुकट. सुदैवाने आकाश स्वच्छ राहिले. नायगमवाला यांच्या तळावर प्रभामंडलाची व वर्णपटांची छायाचित्रे निघाली. त्यांचा तपशीलवार अहवाल पुण्याच्या वेधशाळेचे पहिले प्रकाशन म्हणून सन १९०२ मध्ये बाहेर पडला.

येथवरचा इतिहास उत्साहाचा आहे. पुढील मात्र खिन्न करणारा आहे, आणि तो सांगितल्यावाचून या चरित्राचा बोध पुरा होत नाही. वेधशाळा कावसजींच्या कर्तृत्वावर उभी होती. किंबहुना ती म्हणजेच कावसजी, असे समीकरण होऊन बसले होते. त्यांच्यामागे तो व्यासंग चालवील असा शिष्य तेथे तयार झाला नाही, आणि तसा तयार व्हावा अशी जागाही कॉलेजच्या व्यवस्थेत कोणी निर्माण केली नाही. सन १९१२ च्या आरंभी ते सेवानिवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही मिटली. तिची यंत्रे दूर दक्षिणेस कोडाईकनालच्या सरकारी वेधशाळेकडे रवाना झाली. एका मनुष्याने पेटविलेला दिवा तो उठून जाताच विझला.

याच काळात आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानात काय झाले ते ताडून पाहण्यासारखे आहे; औरंगाबाद तेव्हा त्याच संस्थानात मोडत असे. तेथील नवाब जफर जंग या सरदाराने सन १९०१ मध्ये स्वतःच्या जागेत खासगी वेधशाळा स्थापिली. तिच्यासाठी पंधरा इंची दुर्बीण विलायतेहून आणविली. आपल्या पश्चात हे काम निजाम सरकारने चालवावे अशी त्यांची इच्छा होती. ते सन १९०७ मध्ये वारले आणि पुढील वर्षी सरकारने ती ताब्यात घेतली. निजामिया वेधशाळा या नावाने ती पुढे उस्मानिया विद्यापीठास जोडली गेली, आणि ताऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय छायाचित्र-सूचीचा मोठा भाग तिने पुरा केला. संस्थापकाची विद्या पाहिली तर जफर जंग कावसजींच्या बरोबरीस येणार नाहीत. परंतु एकाच्या वेधशाळेस वारस मिळाला, दुसऱ्याच्या वेधशाळेस मिळाला नाही. फळ त्याप्रमाणे आले.

सेवानिवृत्तीनंतर कावसजी पंचवीसहून अधिक वर्षे जगले व सन १९३८ मध्ये त्यांचे देहावसान झाले. ज्या हिरव्या रेषेचे त्यांनी पुण्यास बसून परीक्षण केले तिचे कोडे त्यांच्या हयातीतच, सन १९२७ मध्ये, अमेरिकेतील बोवेन यांनी सोडविले. नेब्युलियम असे कोणते द्रव्यच नाही. ती रेषा आपण श्वासोच्छ्वासात घेतो त्या प्राणवायूचीच आहे. मात्र त्याच्या अणूतून दोन इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात, आणि तो वायू इतका विरळ असतो की तसा पृथ्वीवरील प्रयोगशाळेत सहसा साधत नाही. म्हणजे ती रेषा मॅग्नेशियमची नव्हे हे कावसजींचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. प्रभामंडलाच्या वर्णपटातही अशीच एक अनोळखी हिरवी रेषा होती, आणि तिच्यासाठी करोनियम हे द्रव्य कल्पिले गेले होते. तिचा उलगडा कावसजींच्या मृत्यूनंतर चार-पाच वर्षांच्या आत ग्रोट्रियन व एडलेन यांनी केला. ती साध्या लोखंडाची निघाली. परंतु तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. एवढे इलेक्ट्रॉन तोडण्यास दहा लाख अंशांहून अधिक उष्णता लागते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश, आणि त्याच्या बाहेरचे प्रभामंडल लाखो अंश! हे कसे, याचा शोध आजही चालू आहे.

कावसजींच्या काळी वर्णपट म्हटला म्हणजे मुख्यत्वे डोळ्यांस दिसणारे रंग. परंतु हे रंग म्हणजे एका अतिविस्तीर्ण पटाची मधली अरुंद पट्टी आहे, ही गोष्ट हळूहळू उघडकीस आली. तांबड्यापलीकडील उष्ण किरण विल्यम हर्शेल यांस सन १८०० मध्ये, आणि जांभळ्यापलीकडील किरण रिटर यांस सन १८०१ मध्ये आढळले होते. प्रकाश ही विद्युच्चुंबकीय लहर आहे असे मॅक्सवेलने गणिताने दाखविले. आणि ज्या १८८८ साली पुण्याची वेधशाळा उभी राहिली, त्याच सुमारास हर्ट्झ यांनी लांब लांबीच्या अदृश्य लहरी, म्हणजे आपल्या रेडिओच्या लहरी, प्रयोगाने सिद्ध केल्या. सन १८९५ मध्ये राँटगेन यांस क्ष-किरण सापडले. यांपैकी प्रत्येक प्रकारचा किरण आकाशाची निराळी वार्ता आणतो. रेडिओ लहरींत थंड हायड्रोजनचे ढग बोलतात; तांबड्यापलीकडील किरणांत धुळीच्या पडद्याआड जन्मणारे तारे दिसतात; क्ष-किरणांत लाखो अंश तापलेले द्रव्य प्रकट होते. पैकी दृश्य प्रकाश व रेडिओ लहरी यांनाच आपले वातावरण मोकळी वाट देते. क्ष-किरणांस ते अडविते, म्हणून त्यांच्यासाठी दुर्बीण वातावरणाबाहेर न्यावी लागते.

आणि आता नियतीचा खेळ पाहा. कावसजींची वेधशाळा उभी राहिल्यास बरोबर शंभर वर्षे झाली त्या सन १९८८ मध्ये त्याच पुण्यात आयुका ही खगोलविज्ञानाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. पुण्याच्या उत्तरेस नारायणगावाजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची विशाल रेडिओ दुर्बीण उभारली गेली. ती सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेली आहे. सन २०१५ मध्ये अ‍ॅस्ट्रोसॅट हा भारतीय उपग्रह जांभळ्यापलीकडील व क्ष-किरणांचे वेध घेण्यास आकाशात गेला.

कोडाईकनालास गेलेल्या त्या वीस इंची दुर्बिणीचे काय झाले, असे वाचक विचारतील. दात्याच्या स्मरणार्थ तिला भावनगर दुर्बीण म्हणू लागले. दीर्घ काळ ती विशेष उपयोगावाचून राहिली. सन १९६० मध्ये त्या वेधशाळेची सूत्रे डॉ. वेणू बाप्पू यांच्या हाती आली. ते हैदराबादच्या निजामिया वेधशाळेतील एका ज्योतिर्विदाचे चिरंजीव, आणि त्याच वेधशाळेच्या सावलीत वाढलेले. जफर जंगांच्या दिव्यावर पेटलेली वात अशा रीतीने कावसजींच्या दुर्बिणीपर्यंत जाऊन पोहोचली. बाप्पूंनी पुढे भारतीय ताराभौतिकी संस्था नावारूपास आणली, आणि ही म्हातारी दुर्बीण सन १९८० नंतरच्या दशकात लडाखमधील लेह येथे नवीन वेधशाळेसाठी जागा पारखण्याच्या कामी लागली. आणखी पुढे पाहा: सूर्याच्या अभ्यासासाठी ता. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आदित्य-एल१ हे यान पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरवर आहे. त्यावरील प्रभामंडल पाहणारे यंत्र याच ताराभौतिकी संस्थेने घडविले असून, ज्या हिरव्या रेषेमुळे करोनियमची कल्पना निघाली तीच लोखंडाची रेषा टिपण्याची योजना त्यात आहे. त्याच यानावर जांभळ्यापलीकडील किरणांत सूर्याची चित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुकाची आहे. जेऊरच्या माळावर जे दर्शन दोन मिनिटे घडले, ते आता ग्रहणाची वाट न पाहता घेता येते.

परंतु या सुखद शेवटाने आपण आपली फसवणूक करून घेऊ नये. सन १९१२ आणि सन १९८८ यांमध्ये शहात्तर वर्षांची पोकळी आहे. त्या अवधीत पुण्याच्या कॉलेजातून जे कुशल वेधकार निघाले असते ते निघाले नाहीत. आणि १८९१ साली जगाच्या बरोबरीने चाललेले पाऊल तेथेच थबकले. हे नुकसान पैशाच्या अभावाने झाले नाही, यंत्राच्या अभावाने तर नाहीच. विद्येस शिष्य लाभला नाही म्हणून झाले. आपल्या पूर्वजांनी गुरुपरंपरेस इतके महत्त्व दिले त्याचे कारण हेच असावे.

तरी विद्यार्थिमित्रहो, आमची तुम्हांस एवढीच विनंती आहे. या हिवाळ्यात मृग नक्षत्र डोईवर आले म्हणजे गच्चीवर जा, बाणाखालचा तो धुरकट डाग शोधून काढा, आणि लहान भावंडांसही दाखवा. तो ज्या प्राणवायूच्या हिरव्या उजेडाने तेवतो आहे त्याची पारख आपल्याच पठारावर बसून एका मनुष्याने नेटाने केली होती, हे त्यांस सांगा. आणि तुमच्यापैकी ज्यास या शास्त्राची गोडी लागेल त्याने स्वतः शिकावेच, परंतु आपल्या मागून येणाऱ्या निदान एकास तरी तयार करून मगच आपली जागा सोडावी. प्रोफेसर नायगमवाला यांच्या स्मृतीस याहून उचित अंजली आम्हांस तरी सुचत नाही.